लिंबाची खूण

नकाशात गल्ली होती, पण तिच्या तोंडचा लिंब नव्हता. निंबानं बोट ठेवून दोनदा पाहिलं. लिंबाच्या जागेवरून एक जाड लाल रेघ गेली होती.

"वो रिंग रोड है, काका," भूपेंद्रभाई म्हणाले.

शाळेच्या हॉलमध्ये भिंतीवर गावाचा पुढच्या वीस वर्षांचा आराखडा लावला होता. सुरतेजवळच्या कडोदऱ्याच्या पुढचं हे एवढंसं गाव. काल इथं ऊस होता, आज लूमचा खडखडाट, आणि आता त्याला शहर व्हायची घाई झाली होती. भूपेंद्रभाई आराखडा करणारे साहेब. माणूस भला, लोकांच्या हरकती ऐकायला सकाळपासून बसलेला. कुणाला गटार हवं होतं, कुणाला दवाखाना. रस्ता तर सगळ्यांनाच हवा होता, फक्त शेजाऱ्याच्या घरावरून.

निंबाला लिंब हवा होता. "नावातच निंब, दुसरं काय मागणार!" रांगेत कुणीतरी म्हणालं. शेजारच्या बाईनं त्याला कोपर मारलं.

"साहेब, आखाजीपर्यंत तरी राहू द्या," निंबा म्हणाला. "मनी पोर येई. योगिता."

"आखाजी?"

"अखात्रीज, साहेब, अक्षय्य तृतीया," सोबत आलेला शेजारी लखन म्हणाला. "आमच्या खानदेशात त्या दिवशी पोरी माहेरी येतात. झाडाला झोके बांधतात."

भूपेंद्रभाईंचा चेहरा खुलला. त्यांचीही लेक बडोद्याला दिलेली होती. "काका, बीस साल आगे का सोचो. यहाँ बगीचा बनेगा. बेटी की बेटी झूलेगी."

"मला फक्त ह्या वैशाखाचं विचारायचंय. पहिलीच आखाजी शे तिची. लिंब नसला तर तिले घर कसं सापडी?"

"अपना घर कोई भूलता है? मोबाईल पे लोकेशन भेज दो."

"मोबाईल घरीच राहिला तिचा."

भूपेंद्रभाईंनी मान हलवली. असली सासरं त्यांनी पाहिली होती. "कहाँ दी है?"

लखननं तोंड उघडलं. निंबानं त्याचा हात दाबला.

"लांब," तो म्हणाला. त्यानं टोपी काढून डोळ्यांवर धरली. भूपेंद्रभाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला. रेघ हलणार नाही, पण झाड आखाजीपर्यंत थांबेल, एवढा शब्द त्यांनी दिला.

साहेबांचा शब्द ठेकेदाराच्या करवतीपर्यंत पोचला नाही. आखाजीच्या आदल्या आठवड्यात निंबा लूमवरची पाळी संपवून घरी निघाला. डोकं खाली, पाय सवयीनं चालत होते. गल्ली आली असं वाटेना म्हणून तो चालतच राहिला आणि पुढच्या गल्लीत शिरून परक्याच्या दारासमोर जाऊन उभा राहिला. मग मागे वळून पाहिलं, तर लिंबाच्या जागी नुसतं आभाळ होतं.

घरी येऊन तो पोरासारखा रडला.

"मी चुकनू, पुष्पे. इतली वरसं ऱ्हायसन मी चुकनू. मग तिनं काय करानं?"

त्याची बायको पुष्पाबाई फळीपाशी उभी होती. योगिताचा मोबाईल ती रोज चार्जिंगला लावायची. दिवाळीनंतर योगिता गेली तेव्हापासूनचा नेम. तिनं वायर नीट खोचली, डोळे पुसले आणि म्हणाली, "पडेल झाडनी एक डहाळी लई या."

निंबा डहाळी घेऊन आला. ती त्यानं दाराच्या चौकटीला बांधली, आणि पाणी भरलेल्या बाटलीत तिचा बुडखा बुडवून ठेवला, वाळू नये म्हणून. ओट्यावरच्या लोखंडी पाइपला झोक्याचा दोर बांधला. स्वतः बसून, हिसके देऊन पाहिला.

आखाजीला पुष्पाबाई पहाटेच उठली. पुरणपोळी केली, आमरस काढला, सांजोऱ्या तळल्या. योगिताच्या म्हणून दोन सांजोऱ्यांत सारण जास्त भरलं. गल्लीत पोरी येऊ लागल्या. लिंब नाही म्हणून कुरकुरत कुणी जिन्याला झोका बांधला, कुणी गॅलरीला. गौराईची गाणी सुरू झाली. लखनची लेक उज्ज्वला उधन्याच्या सासरहून आली. ती आणि योगिता एका ताटात जेवून वाढलेल्या. ती ओट्यावर आली, झोक्याच्या दोराला हात लावला, पण बसली नाही.

"बस ना," पुष्पाबाई म्हणाली.

"नको काकू. आधी ती."

पुष्पाबाईनं तिला पोटाशी धरलं.

ऊन चढलं. पुष्पाबाईनं पाटावर पितरांसाठी नवी घागर भरून ठेवली, वर खरबूज आणि दोन आंबे. निंबा आंघोळ करून उंबरठ्याशी बसला आणि कुंकवाची वाटी जवळ ओढली. आखाजीला घरातल्या गेलेल्या माणसांची नावं घ्यायची आणि प्रत्येकासाठी उंबरठ्यावर कुंकवाचं एक बोट ओढायचं, ही रीत त्याच्याबरोबर गावाहून सुरतेकडे आली होती. त्यानं आजाचं बोट ओढलं, बापाचं ओढलं, आईचं ओढलं. दरवर्षी एवढ्यावर तो उठायचा.

यंदा त्यानं बोट पुन्हा कुंकवात बुडवलं.

"योगिता," तो म्हणाला, "लिंब नही शे व माय. डहाळी देखीसन ये."