सगळं मॅनेज झालंय

चाकणच्या एका कंपनीने कामावरून काढलेल्या बायका आठवडाभर गेटसमोर बसून होत्या. बोलणी करायला त्यांनी युनियनच्या दौलतरावांना आत पाठवलं. तासाभराने ते हसतच बाहेर आले.

"काय झालं, भाऊ?" परवीनने धास्तावून विचारलं.

"सगळं मॅनेज झालंय. आता उठा, घरी जा. सोमवारी या."

बायकांनी तिथेच पेढे वाटले. घरी येऊन परवीनने युनिफॉर्म धुतला, इस्त्री केला आणि आकुर्डीच्या कॉलेजात इंग्रजी शिकणाऱ्या लेकीला बातमी सांगितली.

जास्मिनचा चेहरा काही खुलला नाही.

"अम्मी, मॅनेज म्हणजे मुळात घोड्याला वठणीवर आणणं. कारभार बघणं वगैरे अर्थ नंतरचे. पण कुणी कुणाला मॅनेज केलं, ते विचारलंस का?"

"तुझं आपलं काहीतरीच! देवमाणूस आहे तो."

सोमवारी बायकांना गेटवर अडवलं ते दौलतरावांनीच. गळ्यात कंपनीचं कोरं करकरीत ओळखपत्र होतं.



"ताई, आत जागा नाही हो," ते नजर चुकवत म्हणाले, "थोडे दिवस तुम्हीच कसंतरी मॅनेज करा."