बारीक रेघांचा क्रूस

माझ्या टॅटूच्या दुकानात क्रूसाचे बेचाळीस नमुने आहेत आणि प्रत्येकाला खोल अर्थ आहे. तो अर्थ माझी बायको घरी कपड्यांच्या घड्या घालता घालता लिहिते. गिऱ्हाइकाला एक उभी आणि एक आडवी रेघ नको असते, त्याला त्यात स्वतःची कहाणी हवी असते. मग काय, गुलाब गुंडाळला की हरवलेलं प्रेम, दोरी गुंडाळली की कधीही न तुटणारं नातं! समोरच्या टॅटूवाल्यानं भिंतीवर नुसती चित्रं लावलीत, म्हणून बिचारा दिवसभर माशा मारत बसतो.

आमच्याकडे सगळ्यात जास्त खपतो तो साधा, बारीक रेघांचा क्रूस. त्याखाली बायकोनं लिहिलंय, 'रोज बोलूनही जिचं घरात कुणी ऐकत नाही, तिच्यासाठी.' काल एक बाई ते वाचून खुर्चीतच ढसाढसा रडल्या. घरी आल्या आल्या मी बायकोला म्हणालो, "तुला सुचतं तरी कुठून गं हे सगळं? मानलं तुला!" ती काहीतरी सांगायला लागली, तेवढ्यात माझा फोन वाजला.

आज तिनं जेवणाचं ताट पुढे सरकवलं, तर तिच्या मनगटावर तोच क्रूस. ताजा, अजून लालसर. मी उडालोच. "अगं, घरचं दुकान असताना हा कुठून काढून आणलास?"



"समोरच्याकडून. तुला काढून दे म्हणून दोन महिने सांगत होते."