आठ दुणे पंधरा

"आठ दुणे?" बाईंनी विचारलं.

वर्गात जिला सगळे शिट्टी म्हणत, ती उभी राहिली. तोंडावर हात धरून, खाली बघत म्हणाली, "पंधरा."

वर्ग खो-खो हसला. पाचवीतल्या मुलीला आठ दुणे येऊ नये म्हणजे काय! बाईंनी कपाळाला हात लावला.

तिला येत होतं. पण 'सोळा' म्हणायला तोंड उघडलं, की पुढच्या दोन अर्ध्या दातांतून वारा सुटायचा आणि 'स'ची शिट्टी व्हायची. शाळेच्या नळावर पाणी पिताना मागून कुणाचा तरी धक्का लागला आणि दात तोटीवर आपटले. डॉक्टरांनी जोडून दिलेले तुकडे पुन्हा पुन्हा निघून आले. पक्कं काम मोठी झाल्यावरच, असं त्यांनी सांगितलं. तेव्हापासून ती भिंतीकडे तोंड करून डबा खायची. सफरचंद आई किसून द्यायची. विनोद कळला तरी हसायची नाही. आणि उत्तरात 'स' आला, की त्याच्या शेजारचं, बिनधोक असं चुकीचं उत्तर ठोकून द्यायची. शिट्टीपेक्षा 'ढ' बरं, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

"उद्यापासून गणिताच्या तासाला तू तिसरीत जाऊन बस," बाई म्हणाल्या. "तिथे पाढे घोकून घेतात. तुझा धाकटा भाऊ आहे ना त्या वर्गात? अडलं तर त्याला विचार."

मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच शीळ घातली.

ती खाली बसली नाही. तिने तोंडावरचा हात काढला.

"मला येतं, बाई."

"काय येतं?"

"पाढे."

"मग म्हण की! कुठलाही म्हण."

बेचा म्हणेल आणि सुटेल, असं वर्गाला वाटलं. तिने बाकाची कड घट्ट धरली.

"सात एके सात."

एका ओळीत दोन शिट्ट्या. वर्ग फुटला. एक जण तर हसता हसता बाकाखाली गेला. बाईंनी टेबलावर डस्टर आपटलं, पण ती त्यासाठीही थांबली नाही.

"सात दुणे चौदा. सात त्रिक एकवीस."

हनुवटी वर, तुटके दात सगळ्यांसमोर. थुंकीचा थेंब पुढच्या मुलाच्या मानेवर उडाला. त्याने मान पुसली, तिने पुढची ओळ म्हटली. कान लालबुंद झाले होते, आवाज मात्र चढत होता. 'सात सत्ते एकोणपन्नास'पर्यंत हसणाऱ्यांचा दम संपला. तिचा नव्हता संपला.

बाई तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. आज पहिल्यांदाच नीट बघत होत्या.

"सात दाहे सत्तर."

बाईंनी डस्टर हळूच खाली ठेवलं. "कळलं गं मला," त्या म्हणाल्या. "बस आता, बाळा."

"नाही, बाई."

तिने छाती भरून श्वास घेतला, जिथून शीळ आली होती त्या बाकाकडे वळली आणि सुरू केलं,

"सतरा एके सतरा."