धाकट्या बाई

खोलीत पाऊल टाकल्या टाकल्या आई झाडू शोधायला लागली.

"आई! आपण सुट्टीवर आलोय!" भोंगा ओरडली. भोंगा म्हणजे तिची लेक. वक्तृत्वाचा करंडक जिंकून आल्यापासून घरात तिला हेच नाव पडलं होतं, आणि तिला ते भयंकर आवडायचं.

"अगं, त्या कोपऱ्यात जाळं आहे. हात फिरवते नुसता."

तळ्याकाठचं हे विश्रामघर म्हणजे आई आणि मावशीची गुप्त जागा. जमेल तेव्हा दोघी बहिणी घरदार सोडून इथे पळून यायच्या. नवरे नकोत, पोरं नकोत. इथे दोघी काय करायच्या, ते कोणी विचारलं तर आई नुसती हसायची. परत आली की मात्र कितीतरी दिवस भांडी घासताना गुणगुणत राहायची.

उन्हाळ्यात मावशी गेली. ध्यानीमनी नसताना गेली. आई रडली, पण डबे भरता भरता रडली, कपडे वाळत घालता घालता रडली. मग रडायची थांबली आणि त्याबरोबर गुणगुणायचीही थांबली. घर अगदी मुकं झालं. भोंग्याला ते बघवेना. "मी नेते तिला," तिने बाबांना ठणकावून सांगितलं. "मावशी न्यायची तसं. बघाच तुम्ही, आपली आई परत घेऊन येते की नाही!"

आणि इथे आई जाळं काढत होती.

भोंगा हार मानणाऱ्यातली नव्हती. तिने आईच्या मागे मागे फिरायला सुरुवात केली.

"आई, खिडकीकडचा पलंग घेतेस?"

"तू घे. मला कुठेही झोप लागते."

"मग होडीत बसायचं?"

"तुला बसायचं असेल तर बसू."

"अगं पण तुला काय हवंय?"

"मला काहीही चालतं गं."

हे पालुपद भोंग्याला पाठ होतं. आईला सगळंच चालायचं. करपलेला पाव चालायचा, डुगडुगती खुर्ची चालायची, सगळ्यांच्या अंघोळी झाल्यावर उरलेलं गार पाणी चालायचं. "बाई आहे की देव," असं शेजारच्या काकू म्हणायच्या, आणि आपल्या घरच्या भानगडी सांगायला पुन्हा तिच्याकडेच यायच्या.

दुपार कलेपर्यंत आईने बॅगेतल्या सगळ्या कपड्यांच्या घड्या नव्याने घातल्या, लेकीच्या फ्रॉकची उसवलेली बाही शिवली आणि बेसिन घासून लख्ख केलं. भोंगा पाय आपटत खाली गेली.

अंगणात विश्रामघराची राखण करणारी बाई चादरी वाळत घालत होती. "काय गं, तोंडाचा फुगा का झालाय?"

"माझी आई! एक मिनिट बूड टेकत नाही. मावशी हिला कशी गप्प बसवायची, कोण जाणे."

बाईच्या हातातली चादर तशीच लोंबत राहिली. "बसवायची? अगं, धाकट्या बाई पलंगावरून उठल्या तर शपथ! मोठ्या बाई उशा रचायच्या, केस विंचरायच्या, जेवण हातात आणून द्यायच्या. आणि ह्या महाराणी लोळायच्या. वर तक्रारी! पडदा ओढ, ऊन येतंय. ओढू नको, अंधार होतोय. मी तर तोंडाला पदर लावून हसायचे."

"माझी आई?" भोंग्याचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला.

"मग काय माझी?"

"पण मी सकाळपासून विचारतेय तिला, काय हवं, काय हवं..."

"तिथेच चुकलीस. मीही एकदा विचारलं होतं, तर मोठ्या बाईंनी मला डोळे वटारले. म्हणाल्या, हिला विचारायचं नसतं. विचारलं की ती आई होते."

भोंगा जिना चढून वर आली तेव्हा आई कपाट पुसत होती. भोंग्याने काही विचारलं नाही. तिने आईच्या हातातलं फडकं काढून घेतलं, खिडकीतून बाहेर भिरकावलं आणि पलंगाकडे बोट केलं.

"आडवी हो."

"अगं, एवढं कपाट..."

"आडवी हो म्हटलं ना!"

आई तिच्याकडे बघत राहिली. मग चपला काढून खिडकीकडच्या पलंगावर आडवी झाली. भोंग्याने तिच्या डोक्याखाली दोन्ही उशा सरकवल्या, अंबाडा सोडला आणि कंगवा घेतला. तिला केस विंचरता येत नव्हते, स्वतःचेसुद्धा. कंगवा अडकला की आई नुसती डोळे मिटायची. थोड्या वेळाने तिचे खांदे हलायला लागले. या वेळी तिच्या हातात काहीच नव्हतं, म्हणून तिने दोन्ही हात तोंडावर घेतले आणि मोठ्याने, लहान मुलीसारखी, भोकाड पसरून रडली. आणि वक्तृत्वाचा करंडक जिंकणारी भोंगा एक अक्षर बोलली नाही. केस विंचरत राहिली.

रडता रडता आई झोपली.

तळ्यावर संध्याकाळ पसरली तेव्हा भोंगा स्वयंपाकघरात उभी होती. एक पातेलं तिने आधीच करपवलं होतं. दुसऱ्यात जे काही तयार झालं ते कपात ओतून, बशीत सांडत सांडत, ती वर घेऊन आली. आई जागी झाली होती. सुजलेल्या डोळ्यांनी छताकडे बघत पडली होती. भोंग्याने कप तिच्या हातात दिला आणि श्वास रोखून समोर बसली.

आईने एक घोट घेतला. तोंड वाकडं केलं. मग कप तसाच लेकीच्या हातात परत दिला, उशीला टेकून पाय लांब केले आणि म्हणाली,

"शी! किती पांचट चहा! जा, दुसरा करून आण."