ओरिन हॅस्कम यांचे संक्षिप्त चरित्र

निवडणुकीचं प्रचारपत्रक शुक्रवारी छापायला जायचं होतं आणि ऑगस्टा लिंडेलला अजून एक चांगली गोष्ट हवी होती.

शेतमजुराच्या घरी जन्म, तबेल्यात राबत कायद्याचा अभ्यास, तिशीत सरकारी वकील, इथवर टाइप झालं होतं. मग टोबायस रॅन्समचा खून. प्रेत नदीने नेलेलं. हाती लागला फक्त एक रक्ताळलेला बूट. रॅन्समचा डावा पाय आखूड, म्हणून त्या बुटाचा तळ चार बोटं जाड होता. तो ज्युरीपुढे धरून हॅस्कमसाहेब असे काही बोलले, की रॅन्समचा भागीदार व्हर्जिल पाइक फासावर गेला. साहेबांनी मग मागे वळून पाहिलं नाही.

तो बूट साहेबांच्या ऑफिसात काचेच्या कपाटात होता. नऊ वर्षं दर सोमवारी ऑगस्टाच त्यावरची धूळ पुसत आली होती.

विरोधक आता म्हणत होते, हॅस्कमला काळीजच नाही. तेवढ्यावर गव्हर्नरपद हुकलं असतं, आणि सेक्रेटरी म्हणून ऑगस्टाचं राजधानीत जाणंही.

तिला मात्र एक कुतूहल कधीचं छळत होतं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्च सुटलं की साहेब गळ घेऊन शेजारच्या जिल्ह्यात जात. जाताना बग्गीत हॅम आणि तंबाखू. येताना एक मासा नाही, गळाची दोरी कोरडी ठणठणीत.

"कुणाला मदत करता का हो तिकडे?" तिने एकदा विचारलंच.

"मासे हुशार झालेत, मिस लिंडेल," म्हणत साहेबांनी कागदांत डोकं घातलं.

मोठ्या मनाची माणसं केलेलं सांगत नाहीत, हे तिला पटलं. साहेबांचा तिला फार अभिमान वाटला.

मंगळवारी तिने भाड्याची बग्गी केली. तिकडच्या दुकानदाराने लगेच वाट दाखवली. वकीलसाहेबांचा म्हातारा ना, नदीच्या वळणावरची झोपडी. नाव कुणाला ठाऊक नव्हतं.

म्हातारा दारात गुडघ्यांवर घोंगडी घेऊन मटार सोलत होता. आधी बोलेचना. हॅस्कमसाहेबांच्या ऑफिसातून आले म्हटल्यावर सैलावला. झोपडी साहेबांचीच, बावीस वर्षं एक रविवार चुकला नाही, सगळं सांगितलं. लिहिता लिहिता ऑगस्टाचे डोळे भरून आले. याहून मोठं काळीज कुणाला दाखवायचं?

"एवढं का करतात ते तुमच्यासाठी?"

"ते त्यालाच विचार, पोरी. मी कॉफी टाकतो."

तो उठला तशी घोंगडी घसरली. डाव्या पायाच्या चपलेखाली त्याने लाकडाचा जाड ठोकळा दोरीने बांधला होता. भिंत धरून, डुलत डुलत तो आत निघाला आणि उंबऱ्यात थांबला.

"गव्हर्नर होतोय म्हणे. मग आता तरी माझा डावा बूट परत दे म्हणावं."