वाटीभर विरजण

सकाळी इंदूकाकूंनी दह्याचं भांडं कलतं केलं, तर विरजलेलं दूध पाण्यासारखं काठाकडे धावत आलं.

दारात शेजारची केतकी उभी होती. हातात वाटी, खांद्यावर चार महिन्यांचा निहार.

साथ थांबवायला मारलेल्या फवाऱ्याने रोगाचे जंतू मेले, आणि त्यांच्याबरोबर मातीतले, पोटातले, दह्यातले चांगले जंतूही गेले. तेव्हापासून जन्मलेल्या बाळांना दूध पचेना. डॉक्टर म्हणाले होते, कुठे जिवंत विरजण मिळालं तर बोटभर चाटवा, बाळ तगेल. अख्ख्या कॉलनीत ते फक्त काकूंकडे उरलं होतं, घट्ट झाकणाच्या डब्यात लपवून जपलेलं.

काल दिवेलागणीला केतकी धावत आली होती.

"अगं, तिन्हीसांजेला विरजण देतात का कुणी? लक्ष्मी जाते घरातली. सकाळी ये, चांगलं वाटीभर देते," काकू म्हणाल्या होत्या. ती जिना उतरली आणि फवारणीवाले चढले. या वेळी त्यांनी स्वयंपाकघरातले डबेसुद्धा उघडायला लावले.

"लागलं नाही गं," काकू पुटपुटल्या. "काल मी तुला..."

केतकीने तरीही भांड्यात बोट बुडवून निहारच्या ओठांना लावलं. त्याने ते मिटक्या मारत चाटलं.

"तुमचं नाही चुकलं, काकू," त्याच्या पाठीवरून हात फिरवत ती म्हणाली. "मी दुपारीच येणार होते. पण किती दिवसांनी त्याला शांत झोप लागली होती. उठवावंसं वाटेना."