मामाची अर्धी मिशी

कट्‌कन आवाज झाला, आणि फळीत कोरत आणलेल्या मामाच्या चेहऱ्याची अर्धी मिशी तुटून शर्वरीच्या मांडीवर पडली. लाकडाच्या रेषा कुठल्या दिशेने जातात ते न बघताच तिने करवतीच्या मशीनवर फळी फिरवली होती. आता बोंबला! मंडळाच्या लाकडी चित्रांच्या स्पर्धेत चिकटवाचिकटवी चालत नाही, आणि परीक्षक खरा माणूस चित्राशेजारी उभा करून ताडून बघतात.

"एवढंच ना? रडू नकोस, वेडाबाई," म्हणत मामा तडक सलूनमध्ये शिरला आणि जिवापाड जपलेली मिशी अर्धी उडवून आला.

"हुबेहूब!" परीक्षक ओरडले. पहिला नंबर! शर्वरी तर हवेतच.

"आता उरलेली अर्धीही उतरवा हो," मामीने कपाळावर हात मारला.

"हात लावायचा नाही!" मामाने त्या अर्ध्या मिशीला झोकात पीळ दिला. "पोरीची राज्यस्पर्धा बाकी आहे अजून."